भंगारातले सोने, धुरातले शिसे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीची नेहमीची देखभाल बंद केली. बहुतेकांनी ही बातमी वाचून सोडून दिली असेल. तिचा साधा अर्थ असा, की जगभरातले कोट्यवधी संगणक, जे आदल्या दिवसापर्यंत निमूटपणे काम करत होते, ते एका तारखेला म्हातारे ठरले. नवी प्रणाली त्यांच्यापैकी अनेकांना पेलत नाही. बँकेत उभी हयात काढलेल्या माझ्यासारख्याला निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असते, शाल आणि नारळ मिळतो, पेन्शन सुरू होते. यंत्राच्या नशिबी यातले काही नाही. ते आधी माळ्यावर जाते, मग गॅलरीत आणि एक दिवस भंगारवाल्याच्या काट्यावर. तिथून पुढे ते कुठे जाते हे आपण विचारत नाही. खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विजेचा आणि इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन कारखान्यात पोचल्याची नोंद आहे. भारताचा वाटा सुमारे ४१ लाख टनांचा. चीन आणि अमेरिका यांच्यानंतर आपला नंबर. यात फ्रीज, पंखे, इस्त्र्या, टीव्ही सगळे आले. पण त्या ढिगाऱ्यात वजनाने अगदी थोडा, किमतीने आणि विषाने मात्र सर्वांत जड असा एक भाग असतो. तो म्हणजे हिरवी पाटी, अर्थात सर्किट बोर्ड.

संगणकाची आणि माझी ओळख बँकेतलीच. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली अहवाल दिला आणि पुढे शाखाशाखांत खातेवह्या लिहिणारी यंत्रे येऊ लागली. संघटनांचा विरोध होता, घोषणा होत्या, करार होते. आणि अखेर शाखेतला पहिला वातानुकूलित कोपरा मॅनेजरसाहेबांना नव्हे, तर यंत्राला मिळाला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवघरासारख्या! एवढ्या मानाच्या वस्तूचा घसारा मात्र वर्षाला एक तृतीयांश. तीन वर्षांत वहीतली किंमत एक रुपयावर. तो रुपयाही अशासाठी ठेवायचा, की वस्तू जागेवर आहे हे डेड स्टॉक रजिस्टरात दिसावे.

हा एक रुपया मला नेहमी बोलका वाटत आला. कारण त्याच यंत्रांच्या भंगारासाठी सीलबंद कोटेशने यायची तेव्हा लोक चढाओढीने बोली लावत. हिशेबशास्त्राने शून्य ठरवलेल्या वस्तूत कुणाला तरी काही तरी दिसत होते. कोटेशनांच्या तक्त्यात नाव, रक्कम, अनामत असे रकाने असत. माल पुढे कुठे जाणार, असा रकाना नसे. तेव्हा देशात तसा नियमच नव्हता. ई-कचऱ्याचा पहिला स्वतंत्र नियम २०११ साली आला आणि १ मे २०१२ पासून लागू झाला. तोवर बँकांच्या यंत्रांच्या दोन-तीन पिढ्या काट्यावरून गेलेल्या होत्या.

त्या बोली लावणाऱ्यांना काय दिसत होते? सर्किट बोर्ड म्हणजे काचेच्या धाग्यांचे विणलेले कापड, इपॉक्सी राळेत भिजवून थर देऊन दाबलेले. वर तांब्याच्या रेघा. आग लागू नये म्हणून राळेतच ब्रोमिनचे संयुग मिसळलेले. त्यावर डाग देऊन बसवलेले सुटे भाग. जुन्या पाट्यांत हा डाग कथील आणि शिशाचा असे. जोडणीच्या टोकांना सोन्याचा मुलामा, कारण सोने गंजत नाही. काही भागांत चांदी, पॅलेडियम, टँटॅलम. चांगल्या प्रतीच्या एक टन पाट्यांत सुमारे दोनशे ग्रॅम सोने सापडते. मोबाईलच्या असतील तर त्याहून जास्त. जुन्या टीव्हीच्या पाटीत अगदीच थोडे. खाणीतल्या टनभर दगडातून चार-पाच ग्रॅम सोने निघाले तरी खाण चालवणे परवडते. आपली कोलारची खाण २००१ साली बंद पडली. तिच्याहून श्रीमंत खाण आज आपल्या माळ्यावर पडलेली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दहा ग्रॅम सोन्याने २०२५ मध्ये लाखाचा आकडा ओलांडला. त्या दराने टनभर चांगल्या पाट्यांत वीस लाखांचे सोने झाले. तांबे वेगळे.

टोकियो ऑलिंपिकची सगळी पदके जपानी नागरिकांनी दिलेल्या जुन्या मोबाईल आणि संगणकांतल्या धातूंची होती. सुमारे ७९ हजार टन सामान त्यांनी गोळा केले. त्यात बासष्ट लाख मोबाईल होते. त्यातून ३२ किलो सोने निघाले. ते सामान हौसेने, पैसे न घेता दिलेले होते, हे लक्षात ठेवावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

आपल्याकडे हे सोने कसे काढतात? मुंबईत कुर्ला आणि साकीनाका हे या धंद्याचे जुने नाके. एका कादंबरीसाठी माहिती हवी म्हणून मी काही वर्षांपूर्वी तिथल्या गल्ल्यांतून हिंडलो. दुकाने कसली, दहा बाय दहाच्या खोल्या. स्क्रूड्रायव्हर, हातोडी आणि पोते. एका प्रौढ व्यापाऱ्याला विचारले, सोने इथेच काढता का? तो हसला. म्हणाला, ‘‘साब, अपुन सिर्फ तोडता है. माल आगे जाता है.’’ हे ‘आगे’ म्हणजे दिल्लीचे सीलमपूर, उत्तर प्रदेशातले मुरादाबाद. मुरादाबाद हे पितळेच्या भांड्यांचे गाव. धातू वितळवण्याची कला तिथे पिढीजात. त्या कलेचा हा नवा उपयोग. पाट्या उघड्यावर जाळायच्या, राख दळायची, रामगंगेच्या काठी धुऊन तांबे वेगळे करायचे. सोन्यासाठी तेजाबाची पिंपे. उरलेले तेजाब गटारात किंवा नदीत.

हे सारे करूनही सोने पुरते मिळत नाही. बंगळुरूच्या अनौपचारिक धंद्याची सुमारे वीस वर्षांपूर्वी पाहणी झाली होती. तेव्हा दिसले, की घरगुती तेजाबपद्धतीने पाटीतले जेमतेम पाव सोने हाती लागते. बाकीचे पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणजे माणूस आपली फुफ्फुसे खर्चून वीस लाखांतले पाच लाख काढतो आणि त्यातलाही मोठा वाटा मधल्या हातांना जातो.

जाळलेल्या राळेतले ब्रोमिन डायॉक्सिनच्या जातीची संयुगे तयार करते. विषांच्या यादीत ती बरीच वर आहेत. डागातले शिसे धुरात आणि धुळीत येते. चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात ग्वीयू नावाचे गाव या धंद्यासाठी जगभर बदनाम झाले. शांतौ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली तिथल्या लहान मुलांच्या रक्ताची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहांतल्या आठ मुलांच्या रक्तातले शिसे तेव्हा धोक्याच्या मानल्या जाणाऱ्या पातळीच्या वर होते. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. ते नुकसान नंतर भरून निघत नाही. चीनने २०१५ च्या सुमारास तिथले कारखाने एका औद्योगिक वसाहतीत हलवले. आपले मुरादाबाद अजून उघड्यावर धुपते आहे.

दुसरे टोक युरोपात आहे. बेल्जियममधल्या होबोकेन इथली उमिकोरची भट्टी, स्वीडनमधली बोलिडनची. तिथे पाट्या इतर खनिजांबरोबर प्रचंड भट्टीत वितळवतात आणि ९५ टक्क्यांवर सोने काढतात. आपल्या देशातल्या परवानाधारक कारखान्यांपैकी अनेक जण पाट्या फोडून, दळून तिकडेच पाठवत आले आहेत. म्हणजे कष्ट आपले, भाडे आपले आणि शुद्ध धातू करण्याचा नफा त्यांचा. असा कारखाना उभारायला हजारो कोटी लागतात, त्यामुळे तो गल्लोगल्ली निघू शकत नाही. आणि तोही फार सोवळा नाही. होबोकेनच्या शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात २०२० साली शिसे वाढलेले आढळले, तेव्हा कंपनीला आसपासची घरे विकत घेऊन तिथे झाडी लावण्याची योजना मांडावी लागली.

उघड्यावरची चूल आणि बेल्जियमची भट्टी यांच्या मधले काही नाही का? इथे मायक्रोवेव्ह येतो.

पर्सी स्पेन्सर हा अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतला इंजिनिअर. रडारच्या नळीजवळ उभा असताना त्याच्या खिशातले चॉकलेट वितळले, अशी हकिगत सांगतात. १९४५ सालची ही गोष्ट. त्या नळीपासून पुढे आपल्या ओट्यावरचा ओव्हन आला. त्याच लहरींनी सर्किट बोर्ड तापवण्याचा प्रयोग १९९० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठाने आणि अमेरिकी ऊर्जा खात्याच्या सव्हाना रिव्हर प्रयोगशाळेने मिळून केला. सव्हाना रिव्हर म्हणजे अणुबॉम्बचे साहित्य बनवण्याचे ठिकाण. तिथे निरुपयोगी झालेल्या इलेक्ट्रॉनिक सामग्रीची गुप्तता राखून विल्हेवाट लावायची होती. त्यांनी पाट्या आधी मायक्रोवेव्हने तापवून राळ काढली, मग तापमान एवढे वाढवले, की काचेचे धागे वितळून एकजीव झाले आणि धातूचे मणी वेगळे पडले. निघणारा वायू पुन्हा दुसऱ्या मायक्रोवेव्ह कक्षातून नेऊन त्यातली घातक द्रव्ये मोडली. विषारी धुराचा विचार त्यांनी पहिल्यापासून केला होता, हे मला विशेष वाटते.

नंतर चीनमध्ये आणि इतरत्र जे प्रयोग झाले, त्यांत काच वितळवण्यापर्यंत जात नाहीत. पाट्यांचे तुकडे नायट्रोजनने भरलेल्या बंद कक्षात ठेवतात. हवा नसल्याने ते जळत नाहीत. उष्णतेने राळेचे रेणू तुटतात. काही वायू होतो, काही तेल होते, मागे काळा ठिसूळ चोथा उरतो. पाटीचे थर पापुद्र्यांसारखे सुटतात आणि तांबे, सोने धातूच्याच रूपात, न जळता, त्यात सापडते. साधी भट्टी बाहेरून आत तापते. सूक्ष्मलहरी थेट पदार्थाच्या आत उष्णता निर्माण करतात. त्यामुळे वेळ कमी लागतो आणि यंत्रही लहान असू शकते.

गृहिणी इथे लगेच शंका काढतील, की ओव्हनमध्ये स्टीलचे भांडे चालत नाही, मग धातूने भरलेली पाटी कशी चालेल? शंका रास्त आहे. धातू या लहरी परतवतो आणि टोकांवर ठिणग्या उडतात. नायट्रोजनमध्ये, नियंत्रणाखाली, त्याच ठिणग्या बारीक-बारीक तप्त जागा तयार करतात आणि राळ मोडायला मदतच होते. उलट अडचण राळेचीच आहे. काच आणि इपॉक्सी या लहरी फारशा शोषत नाहीत. म्हणून सुरुवातीला कोळशाची भुकटी मिसळतात. एकदा राळेचा कोळसा होऊ लागला, की तो स्वतःच लहरी पितो आणि काम वेगाने पुढे जाते. दुसरी अडचण आपल्या रोजच्या परिचयाची आहे. कालचा शिरा गरम करायला ठेवला, की कडेला चटका बसतो आणि मध्यभागी गारच. टनावारी पाट्यांच्या बाबतीत हा असमान ताप फार महाग पडतो. प्रयोगशाळेतल्या किलोभरापासून कारखान्यातल्या टनापर्यंतचा रस्ता इथेच अडखळतो. शिवाय ब्रोमिन नाहीसे होत नाही. ते तेलात आणि वायूत जाते. वायू चुन्यासारख्या द्रव्यातून गाळला नाही, तर मुरादाबादचा धूर नुसता नळीतून बाहेर येईल, एवढाच फरक.

समजा, एखाद्या तरुण इंजिनिअर मुलीने असा प्रकल्प आखून माझ्या टेबलावर कर्जाचा अर्ज ठेवला असता, तर मी काय पाहिले असते? तंत्र मी तज्ज्ञाकडे पाठवले असते. तारण पाहिले असते. अशा खास यंत्राला दुसरा गिऱ्हाईक नसतो, हे नोंदवले असते. विजेचा खर्च पाहिला असता. पण माझी पेन्सिल थांबली असती ती ‘कच्चा माल’ या ओळीवर. पाट्या कोण देणार? कोणत्या भावाने?

इथे सगळा गाडा अडतो. जपानी माणसाने मोबाईल फुकट दिला. आपल्या दारात भंगारवाला रोख पैसे देतो, आणि ते देऊ शकतो, कारण त्याच्या पुढच्या साखळीत धुराड्याचा, गाळणीचा, हातमोज्यांचा, दवाखान्याचा खर्च कुणीच धरलेला नाही. तो खर्च सीलमपूरच्या मुलाच्या रक्तात जमा होतो. नियम पाळणारा कारखानदार या भावाशी स्पर्धा करू शकत नाही. अधिकृत कारखान्यांची जुनी रड माल मिळत नाही हीच आहे. तंत्र कितीही चांगले असो, हा भाव बदलल्याशिवाय ते प्रदर्शनातच राहील.

सरकारला हे कळलेले नाही असे नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी जबाबदारी उत्पादकांवर टाकली. त्यांनी विकलेल्या मालाच्या ठरावीक हिश्शाइतका कचरा प्रक्रियेत गेल्याची प्रमाणपत्रे कारखान्यांकडून विकत घ्यायची. हा हिस्सा आधी ६० टक्के, २०२५-२६ पासून ७० आणि २०२७-२८ पासून ८०. प्रमाणपत्रे कवडीमोलाने विकली जाऊ नयेत म्हणून किमान दर ठरला: घरगुती उपकरणांसाठी किलोला २२ रुपये. त्यावर काही बड्या परदेशी कंपन्या २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. पन्नास हजारांचा टीव्ही विकणाऱ्याला त्याच्या किलोमागे बावीस रुपये जड का व्हावेत, हे माझ्यासारख्या व्याजाचे पैसे मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाही समजत नाही. पण त्यांचा दुसरा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, की नुसता दर वाढवून माल अधिकृत वाटेने येईल कशावरून?

माझा आक्षेप आणखी वेगळा आहे. प्रमाणपत्र मिळते ते काढलेल्या धातूवर: सोने, तांबे, लोखंड, ॲल्युमिनिअम. पकडलेल्या विषावर नाही. शिसे कोंडून ठेवले, ब्रोमिन गाळले, तर त्याचे प्रमाणपत्र निघत नाही. ती नुसती जबाबदारी, आणि बँकेतल्या कुणालाही विचारा, ज्या जबाबदारीला पैसा चिकटलेला नाही ती तपासणीच्या आठवड्यातच पाळली जाते. प्लॅस्टिकच्या बाबतीत हीच प्रमाणपत्र-पद्धत राबवली, तेव्हा लाखो बनावट प्रमाणपत्रे २०२३ मध्ये उघडकीस आली, आणि त्यांतली काही आपल्या महाराष्ट्रातल्या कारखान्यांची होती. कागदावर प्रक्रिया करणे हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त उद्योग आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कचऱ्यातून महत्त्वाची खनिजे काढण्यासाठी १५०० कोटींची योजना मंजूर केली. तिचा तिसरा हिस्सा छोट्या आणि नव्या उद्योगांसाठी राखून ठेवला आहे. चांगली गोष्ट आहे. आपल्या खनिजांच्या यादीत तांबे आणि कथील आहेत, टँटॅलम आहे. आणि टँटॅलम मोठ्या भट्टीत मळीबरोबर वाया जाते. लहान, कमी तापमानाच्या प्रक्रियेला इथे खरी जागा आहे. पुणे, हैदराबाद आणि त्रिशूर इथे प्रयोगशाळा असलेल्या ‘सी-मेट’ या सरकारी संस्थेने सर्किट बोर्डांवर बरेच काम केले आहे. ब्रिटनच्या शाही टांकसाळीने २०२४ मध्ये वेल्समधल्या आपल्या आवारात पाट्यांतून सोने काढण्याचा कारखाना सुरू केला, तोही साध्या तापमानाला चालणारा. नाणी पाडणे कमी झाले म्हणून टांकसाळ पाट्यांकडे वळली! तंत्र एकच असावे असा हट्ट नाही. मायक्रोवेव्हने राळ सोडवावी, पुढचे सोने अशा एखाद्या रसायनाने काढावे, हेही शक्य आहे.

पण त्या पाचशे कोटींपैकी काही रुपये यंत्राऐवजी माणसावर लावता येतील का, हे पाहायला हवे. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेच्या कराराने दारोदार कचरा उचलते. जुन्या सामानाचीही मोहीम ते करतात. वेचणारा आणि तोडणारा हा माणूस या धंद्यातला सर्वांत जाणकार आहे. कुठल्या पाटीत किती सोने, हे तो नुसते बघून सांगतो. कुर्ल्याच्या त्या व्यापाऱ्याला नोटीस देऊन हाकलले, तर तो भिवंडीला जाईल. त्याला तोडण्यापुरताच परवाना दिला, कुर्ल्यातच रोख भाव देणारा अधिकृत खरेदीदार आणून बसवला आणि महिन्याच्या खेळत्या भांडवलाची सोय केली, तर ‘आगे’ जाणारा माल मुरादाबादऐवजी त्या इंजिनिअर मुलीच्या यंत्रात जाईल. रोखीची ही सोय सावकाराकडून होते म्हणूनच माल आज तिकडे जातो. पीककर्ज देताना आम्ही व्यापाऱ्याच्या उचलीशी असेच झगडत होतो.

बँकांनी स्वतःपासून सुरुवात करायला हरकत नाही. नव्या नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्यांनी आपला कचरा नोंदणीकृत कारखान्यालाच दिला पाहिजे. एटीएम, पासबुकयंत्रे, संगणक यांचा ढीग आता पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा आहे. कोटेशनच्या तक्त्यात एक रकाना वाढवून तिथे प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक मागावा, आणि सहा महिन्यांनी एका लेखापरीक्षकाने तिथे जाऊन धुराडे चालू आहे का, ते पाहून यावे.

घरच्या संगणकाचे काय, असे अनेक जण विचारतात. चालत असेल तर लगेच टाकू नये. फुकटची दुसरी प्रणाली घालून तो शाळकरी नातवंडाला आणखी काही वर्षे पुरतो. टाकायचाच असेल तर आधी आतली माहिती पुसून घ्यावी आणि देताना पावती मागावी. दारावरच्या माणसाने दिलेल्या दोनशे रुपयांचा मोह सुटत नसेल, तर निदान त्याला विचारावे, की हे तू कुणाला विकतोस. आणि हा लेख वाचून कुणी उत्साही चिरंजीव जुन्या मोबाईलची पाटी ओट्यावरच्या ओव्हनमध्ये ठेवायला निघाले, तर त्यांना तिथेच अडवावे. घरच्या ओव्हनला ना नायट्रोजन असतो ना गाळणी, आणि त्याच ओव्हनमध्ये संध्याकाळी आपल्याला भात गरम करायचा असतो.